जुनी सेकंडहँड कार्बन रोडबाईक मुंबईत घेताना आणि चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-बारा वर्षं जुनं कार्बन सेफ असतं का? आधी एवढंच सांगा.

असतं, कुठे आपटलेलं नसेल तर. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं धक्के खाऊन थकतं, कार्बन तसं थकत नाही. नीट बनवलेली फ्रेम नुसती जुनी झाली म्हणून कमजोर होत नाही. उन्हाने राळ (कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन) खराब होते म्हणतात ते खरंय, पण वरचा पेंट आणि क्लिअरकोट शाबूत असेल तर त्याचं एवढं टेन्शन नको. कार्बनला मारतात दोन गोष्टी, बाहेरून बसलेला टोला आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट. टोला बसला की आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरून रंग मात्र कालच शोरूममधून आणल्यासारखा दिसतो, सगळा घोळ इथेच आहे. म्हणून विकणाऱ्याला कुठल्या सालची आहे हे तर विचाराच, पण त्याहून जास्त हे विचारा की आजवर हिच्याबरोबर काय काय झालंय.

किती जुनी म्हणजे फारच जुनी?

माझं मत, २००५ च्या आधीची सायकल रोज चालवायला घेऊ नका, शौक म्हणून भिंतीवर लावायची असेल तर वेगळं. १९८६ मध्ये अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स जिंकली ती लुक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर, पण त्या काळच्या बहुतेक फ्रेम म्हणजे कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या जोडांमध्ये चिकटवलेल्या, आणि इतक्या वर्षांनी तो चिकटवलेला सांधा सुटतो. नळीला काही झालेलं नसतं, सांधाच निसटतो. जायंटची जुनी कॅडेक्स, ट्रेकची २३०० ही सगळी त्याच जातीची. १९९२ ला ट्रेकने ओसीएलव्ही हे आपलं कार्बन तंत्र आणलं तिथून गोष्टी बदलत गेल्या. आज मुंबईत सेकंडहँड म्हणून जे फिरतंय ते जास्त करून २००८ ते २०१८ मधलं, रिम ब्रेकवालं (चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक), आणि त्यातलं चांगलं उचललंत तर खरंच मजा आहे, कारण डिस्क ब्रेकच्या नादात लोकांनी चांगल्या चांगल्या हलक्या सायकली विकायला काढल्यात.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

दिवसा जा. संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाईटखाली बघून सायकल घेऊ नका. मोबाईलचा टॉर्च घ्या, ओला कपडा घ्या, एक नाणं घ्या. सायकल कितीही स्वच्छ वाटली तरी समोर पुसा, चिकट मळाखाली चीर सहज लपते.

सुरुवात हेडट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागून, जिथे वरची नळी (टॉपट्यूब) आणि खालची नळी (डाउनट्यूब) येऊन मिळते, समोरून काही धडकलं असेल तर खूण तिथे. मग टॉपट्यूबच्या दोन्ही बाजू, कारण सायकल पडली की हँडल गर्रकन फिरतं आणि त्याचं टोक किंवा शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) टॉपट्यूबवर आदळतो. मग उजवीकडचं चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी, चेन उतरून तिथे घासलेली असते. वरवरचे ओरखडे चालतात, खोल चर असेल आणि नखाला धागे लागत असतील तर नाही. डाउनट्यूबच्या पोटाखालीही बघा, पुढच्या चाकाने उडवलेले खडे सगळे तिथेच बसतात. शेवटी सीटपोस्टच्या (सीटखालची दांडी) क्लॅम्पजवळची जागा, इथून उभी चीर निघालेली असेल तर कोणीतरी ॲलन की घेऊन ताकद दाखवलीय असं समजा.

आणि धातू जिथे कार्बनला टेकतो तिथे, म्हणजे बाटलीच्या स्टँडचे बोल्ट, मागचं ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच), केबलचे स्टॉप, पेंटला फोड आलेत का बघा. फोड म्हणजे आत ॲल्युमिनियम गंजतंय. दिल्ली-बंगळूरच्या सायकलला हे कमी सापडेल, आपल्याकडे वरळी-दादर-वर्सोवा पट्ट्यातल्या घराच्या बाल्कनीत पाच पावसाळे काढलेल्या सायकलला हमखास.

नाण्याने टकटक करतात त्याचा उपयोग होतो का?

होतो, पण तेवढ्यावर फैसला करू नका. नळीवर थोड्या थोड्या अंतराने हलकेच वाजवत जायचं, चांगल्या जागी आवाज कडक, टणक येतो आणि थर सुटले असतील तिथे बद्द. फक्त हे लक्षात ठेवा की नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, सांध्याजवळ आवाज आपोआप बदलतो, त्यामुळे एकाच नळीची डावी-उजवी बाजू ताडून बघा. डावीकडे टण आणि बरोबर त्याच जागी उजवीकडे बद्द आला तर शंका घ्या. अंगठ्याने दाबूनही बघा, भिंत आत जाते किंवा करकरते असं वाटलं तर चहा पिऊन घरी या.

विकणारा म्हणतो सीटपोस्ट हलवायची गरज नाही, उंची तुमच्या मापाचीच आहे.

हलवायला लावाच. माझ्या हिशोबाने मुंबईत जुनी कार्बन सायकल घेताना ही सगळ्यात मोठी टेस्ट आहे, आणि फार थोडे लोक करतात. कार्बनच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल आणि मध्ये खारं दमट पाणी गेलं तर दोघांमध्ये अक्षरशः बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि पोस्ट आतल्या आत जाम बसतो. मग तो ना वर येतो ना खाली जातो. काढायला गेलात की फ्रेम चिरते. हातोडी, ब्लोटॉर्च वगैरे उपाय सांगणारे भरपूर भेटतील, ब्लोटॉर्चने राळ जळते आणि हातोडीने काय होतं ते सांगायला नको.

तुमच्यासमोर क्लॅम्प ढिला करून पोस्ट पूर्ण बाहेर काढा. सहज निघाला तर आधीच्या मालकाने सायकल सांभाळलीय. थोडा कुरकुरत निघाला, पांढरी भुकटी दिसली, तरी ठीक, साफ करता येतं. हललाच नाही तर किंमत कितीही पाडली तरी मी घेणार नाही. पोस्ट काढलाच आहे तर आतमध्ये टॉर्च मारून पाणी, माती, उभी चीर बघून घ्या. परत बसवताना कार्बनची ग्रिप पेस्ट लावा, साधं ग्रीस नको, ग्रीसने पोस्ट घसरतो आणि मग लोक अजून आवळतात.

फोर्कचं काय? फोर्क तुटला तर संपलंच ना.

हो, फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणूनच स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) काढून बघायचं. फोर्कची वरची नळी, तिला स्टीअरर म्हणतात, हेडट्यूबच्या आत लपलेली असते आणि नेमका तोच भाग कुणी बघत नाही. टॉप कॅप काढा, स्टेम काढा, स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) काढा, फोर्क खाली सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे. विकणारा नको म्हणाला तर मला तरी तिथेच उत्तर मिळतं. स्टेमखालच्या भागात गोल किंवा आडवी चीर, बोल्टच्या रेषेत दबलेली जागा, खालच्या बेअरिंगपाशी झिजलेली कड, हे शोधायचं. नळीच्या आत एक्स्पांडर प्लग असायला हवा, तो आतून आधार देतो. त्याच्याऐवजी धातूची चांदणी ठोकलेली दिसली, म्हणजे जो स्टार नट ॲल्युमिनियमच्या नळीत ठोकतात तो, तर फोर्क बाद, नवीन फोर्कचे पैसे किमतीतून वजा करा. आणि स्टेमखाली स्पेसरची उंच चळत असेल तर तेही चांगलं नाही, बऱ्याच कंपन्या ३०-४० मिलीमीटरच्या वर नको म्हणतात.

सिरियल नंबर बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा आस फिरतो ती जागा) खाली असतो. तो लिहून घ्या आणि त्या मॉडेलच्या फोर्कचा रिकॉल निघाला होता का ते कंपनीच्या साईटवर तपासा. एखादा आकडा घासून काढलेला दिसला तर तिथून निघा, चोरीचा माल घेऊन पोलीस स्टेशनच्या चकरा कोण मारणार.

ग्रुपसेट कुठला असावा?

फ्रेम चांगली आणि ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, चेन यांचा संच) खराब चालेल, उलटं चालणार नाही. तरी माझा सल्ला, शिमानोचं ११-स्पीड (मागे अकरा गिअर) मिळालं तर बघा, म्हणजे १०५ चं ५८०० (२०१४ पासून) किंवा अल्टेग्राचं ६८०० (२०१३ पासून). चेन, कॅसेट (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा) अजून सहज मिळतं. एकच, शिफ्टरच्या आत केबल कुरतडली जाते आणि तुटून आत अडकते, त्यामुळे घेतल्या घेतल्या केबल बदला. १०-स्पीड पण वाईट नाही, १०५ चं ५६०० आणि ५७०० अजून लोक पळवतायत, ५६०० ओळखायला सोपं, गिअरच्या केबली शिफ्टरच्या बाजूने हवेत लोंबताना दिसतात. जुना शिफ्टर खटखट करतो पण गिअर पडत नाही असं झालं तर दरवेळी तो मेलेला नसतो, आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, स्प्रेने धुवून काढलं की बऱ्याचदा जिवंत होतो. हे गुपित विकणाऱ्याला आधी सांगू नका, भाव पाडायला बरं पडतं.

जुन्या १०-स्पीडच्या चाकावर रोडचं ११-स्पीड कॅसेट बसत नाही, हब (चाकाचा मधला भाग) जवळपास दोन मिलीमीटर कमी पडतो. त्यामुळे "नंतर अपग्रेड करू" हा प्लॅन चाकांसकट महाग पडतो. पहिल्या पिढीचं इलेक्ट्रॉनिक, २००९ चं ड्युरा-एस ७९७० वगैरे, कितीही स्वस्तात आलं तरी हात लावू नका, त्याची वायरिंग नंतरच्या सिस्टीमला जुळत नाही आणि एक तुकडा गेला की सगळं बसलं.

५३-३९ चं क्रँक आहे, चालेल का?

५३-३९ म्हणजे पुढच्या दोन चकत्यांचे दाते, जड गिअर. मरीन ड्राइव्हला चालेल. पेडर रोडच्या चढावर तोंडाला फेस येईल, आणि खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढताना त्याच धनगर देवाचा धावा कराल. ५०-३४ चं कॉम्पॅक्ट आणि मागे ११-२८ असं बघा. जुन्या शॉर्टकेज डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) २८ च्या वर दाते कंपनी नको म्हणते.

पेडल मारताना खालून कुरकुर येते, फ्रेम गेली का?

बहुतेक नाही. २००८ नंतरच्या खूप फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेट आट्यांचा नसून दाबून बसवलेला असतो, बीबी३०, बीबी८६, ट्रेकचं बीबी९० असे प्रकार, आणि पावसाचं पाणी आत गेलं की बेअरिंग कुरकुरायला लागतात. आधी पेडल, सीटचे क्लॅम्प, चाकाचा स्क्यूअर (चाक आवळणारी दांडी) तपासा, अर्ध्या वेळा आवाज तिथलाच. बेअरिंग बदलायचे पैसे धरूनच भाव करा. बीबी९० मध्ये मात्र बेअरिंग थेट कार्बनमध्ये बसतं, जागाच घासून सैल झाली असेल तर दुखणं मोठं आहे. आट्यांचा बीएसए मिळाला तर देव पावला.

सोबत कार्बनची चाकं देतोय, घेऊ का?

रिम ब्रेकची कार्बन चाकं मुंबईसाठी मला पटत नाहीत. पावसात ब्रेक लागायला उशीर होतो आणि लांब उतारावर सतत दाबून ठेवलं तर रिम तापून राळ मऊ पडू शकते. ॲल्युमिनियम रिमची साधी चाकं मागा, कार्बनची त्याला ठेवू द्या आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा. ॲल्युमिनियम रिमवर ब्रेक लागतो ती भिंत बोटाने चाचपा, आत खोलगट झालेली असेल तर रिम संपत आलीय. त्यावर झीज दाखवणारा बारीक खड्डा किंवा रेघ असते, ती पुसली गेली असेल तर आणखी न चालवता बदला.

किंमत किती द्यावी?

आकडा सांगत नाही, सायकलनुसार बदलतो. हिशोब असा करा की घेतल्या दिवशी चेन, कॅसेट, दोन टायर-ट्यूब, सगळ्या केबली, ब्रेक पॅड, हँडलची टेप आणि बॉटम ब्रॅकेट बदलावं लागणार, त्याची बेरीज काढा, मग विकणाऱ्याच्या आकड्यात मिळवा, आणि मग बघा की तेवढ्यात नवीन ॲल्युमिनियमची काय येते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, जुन्या सायकलीचा भाव करताना हेही बोलून दाखवा. "भावाने अमेरिकेहून आणली, तिकडे एवढ्या डॉलरला होती" हे ऐकून भारावून जाऊ नका, तिकडची किंमत तिकडे. आणि कंपनीची लाईफटाइम वॉरंटी बहुतेक ब्रँडची पहिल्या मालकापुरतीच असते, तिचे पैसे देऊ नका.

बिल नसलं तर निदान विकणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी आणि सिरियल नंबर लिहिलेली सही घ्या. पिनारेलो, एस-वर्क्स असलं मोठं नाव आणि सिरियल नंबर गायब किंवा कंपनीच्या पद्धतीशी न जुळणारा, तर चिनी डुप्लिकेट असण्याची शक्यता धरा. चिनी कारखान्याचं बिननावाचं चांगलं कार्बनही असतं, पण दुसऱ्याचं नाव छापून विकलेल्याचा भरवसा मी करणार नाही.

फ्रेम रिपेअर केलेली आहे म्हणतो.

स्वतःहून सांगितलं म्हणजे माणूस बरा. कार्बन दुरुस्त होतं, खराब भाग घासून काढून नवीन कापडाचे थर राळेत बसवतात, टॉपट्यूब किंवा सीटस्टेवरचं असं नीट केलेलं काम पुढे वर्षानुवर्षं टिकतं. दुरुस्तीच्या आधीचे फोटो मागा. फोर्क किंवा स्टीअरर रिपेअर केलेला असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हणा.

साईज थोडी मोठी आहे, स्टेम छोटा लावून चालवू?

एक साईज इकडे-तिकडे जमतं, दोन नाही. साधारण पाच फूट सहा-सात इंच उंचीला ५२ सेंटीमीटरची फ्रेम, पाच आठ-नऊला ५४, पाच दहा-अकराला ५६, पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं म्हणून जिओमेट्रीचा तक्ता बघाच. स्वस्त मिळतेय म्हणून ५८ घेतलेले लोक नंतर पाठ धरून बसतात आणि तीच सायकल पुन्हा विकायला काढतात, कदाचित तुम्ही बघताय ती तशीच फिरत आलेली असेल.

मुंबईच्या खड्ड्यांत कार्बन टिकेल?

फ्रेम टिकते, आधी टायर, ट्यूब आणि रिम जातात. जुन्या फ्रेममध्ये २३ मिलीमीटरचे टायर आलेले असतात, ते काढून टाका. २५ जवळपास सगळ्यांत बसतात, २८ बसतात का ते ब्रेकच्या कमानीखाली आणि चेनस्टेमध्ये जागा मोजून ठरवा, दोन्हीकडे चार मिलीमीटर तरी मोकळे हवेत. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाने २५ मध्ये ८५-९० पीएसआय ठेवावं. १२० भरून दगडासारखं करू नका, वेग वाढत नाही आणि प्रत्येक पेव्हर ब्लॉक मणक्याला कळतो.

फिरायला पहाटे पाच-साडेपाचला निघा. नरिमन पॉइंट ते चौपाटी आणि पुढे वाळकेश्वर, वरळी सीफेस, बीकेसी, नवी मुंबईकडे राहत असाल तर पाम बीच रोड. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू इथे सायकलला परवानगी नाही, पहाटे कोण बघतंय म्हणून घुसू नका. आरेचा रस्ता झाडीमुळे छान, पण तिथले स्पीडब्रेकर अंधारात दिसत नाहीत.

आणि जोरात आपटलात, पडलात, तर घरी आल्यावर पुन्हा तीच नाण्याची आणि टॉर्चची परेड, स्टीअररसकट. तीन महिन्यांपूर्वीच्या पडण्याचा आवाज आज येऊ शकतो.

पावसाळ्यात चालवू का?

जुन्या कार्बनचं पावसाने काही बिघडत नाही, बाकी सगळ्याचं बिघडतं. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही हा पहिला प्रॉब्लेम, आणि भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हला उडणारं खारं पाणी हा दुसरा. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर एखादी साधी सायकल वापरा. नाहीच जमलं तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा, प्रेशर पंप नको, सीटपोस्ट काढून सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या, चेन पुसून तेल. सीटपोस्ट महिन्यातून एकदा तरी काढून, पुसून, पेस्ट लावून परत बसवा, पावसाळा असो नसो. स्टेमच्या बोल्टवर आणि बाटलीच्या स्टँडच्या बोल्टवर ग्रीसचा हलका थर ठेवा.

ठेवायची कुठे? सोसायटीत पार्किंग आहे.

घरात. वॉचमन रोज पहाटे गाड्या पुसताना तुमची सायकल खांबाला टेकवून ठेवणार, कोणाची स्कूटर तिच्यावर कलंडणार, आणि तुम्हाला कळणारही नाही. लिफ्टमध्ये पुढचं चाक वर करून उभी मावते, सेक्रेटरीने कटकट केली तर चाक काढून न्या. गाडीच्या रॅकवर टॉपट्यूबला पकडणारा क्लॅम्प नको, चाकांना पकडणारा बघा, आणि सर्व्हिसच्या स्टँडवरही सायकल सीटपोस्टला धरून टांगा. लोकलच्या मालडब्यात नेत असाल तर लगेजचं तिकीट काढा आणि स्वतः शेजारी उभे राहा, टोपल्या आणि पेट्या कोणाची फ्रेम बघून ठेवत नाहीत.

नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे सर्व्हिसिंग करू का?

पंक्चर जरूर काढा, तो तुमच्यापेक्षा भारी काढतो. बोल्ट आवळायला देऊ नका, कारण "टाईट केला साहेब" म्हणजे किती ते कार्बनला विचारा. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) विकत घ्या, लहानवाला. स्टेम आणि सीट क्लॅम्पवर आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, तेवढाच. चेन मोजायचं छोटं गेजही घ्या, ११-स्पीडला ०.५ टक्के आणि १०-स्पीडला ०.७५ टक्के ताण दिसला की चेन बदला, नाहीतर कॅसेट पण खाते.

पावसात ट्रेनरवर लावली तर?

ट्रेनर म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड. चालतं, फक्त ट्रेनरवरचे झटके कमी ठेवा, मागचं टोक पकडलेलं असताना उभं राहून जोरजोरात हलवू नका. घाम मात्र समुद्राच्या पाण्याएवढाच वाईट, तो थेट हेडसेटवर (हँडलखालचे बेअरिंग) आणि स्टेमच्या बोल्टवर ठिबकतो आणि टेपखाली हँडल गंजतं. टॉपट्यूबवर जुना टॉवेल टाका, पंखा समोर ठेवा, आणि पावसाळा संपला की हँडलची टेप उलगडून खालचं ॲल्युमिनियम बघून घ्या, पांढरे डाग खोलवर गेले असतील तर हँडल बदला.